नाव फाळक्यांचं, वेग चोवीसचा

दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा मूकपट 'राजा हरिश्चंद्र' किती वेळाचा होता असं विचारलं, की सहसा उत्तर येतं: चाळीस मिनिटं. हा आकडा बहुधा कुठून आला असेल, ते साध्या गुणाकार-भागाकारानं कळतं. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, बसतात, म्हणजे एकूण ५९,२०० फ्रेम. बोलपटाच्या प्रोजेक्टरमधून सेकंदाला २४ फ्रेम जातात. भागाकार केला की ४१ मिनिटं येतात. पण १९१३ साली बोलपट नव्हता. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं, सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ फ्रेम, असा तेव्हाचा रिवाज होता. त्या वेगानं हाच चित्रपट तासाच्या वर जातो. वीस मिनिटं आपण कागदावरच कापून टाकली आहेत.

दादासाहेब फाळक्यांच्या वारशाबद्दल वाद कमी नाहीत. ते पहिले होते की नाही, त्यांनी भारतीय सिनेमाला देवधर्माच्या दावणीला बांधलं का, त्यांच्या घरच्या आणि पगारी माणसांचं श्रेय कुठे गेलं, हे सगळे वाद योग्य आहेत आणि व्हायला हवेत. फक्त ते बहुतेक वेळा चित्रपट न बघता होतात, किंवा चुकीच्या वेगानं, कडा कापलेले, कुठल्या सालचे याचा पत्ता नसलेले तुकडे बघून होतात. २००४ पासून इफ्फी पणजीत भरतो. देशाचा सर्वात मोठा सरकारी चित्रपट महोत्सव ज्या गावात होतो, तिथल्या मराठी प्रेक्षकानं आणि संस्थांनी या बाबतीत आग्रह धरावा, असं या लेखाचं म्हणणं आहे. त्या आग्रहातली पहिली गोष्ट अनेकांना खटकेल: कार्यक्रमपत्रिकेवरून 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' ही ओळ काढून टाकावी.

त्या ओळीनं नेमकं काय बिघडतं, ते तारखांपासून बघू. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी सर्वांसाठी खुला झाला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पियात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. कॅलेंडरनं विचारलं तर तोरणे आधी. फाळक्यांच्या बाजूचे लोक यावर तीन आक्षेप घेतात: 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा जॉन्सन नावाच्या इंग्रजाच्या हाती होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण परदेशी हात लागला म्हणून चित्रपट बाद करायचा, तर फाळक्यांचा विल्यमसन कॅमेरा इंग्लंडचा आणि कच्ची फिल्म कोडॅकची होती, त्याचं काय करायचं? नाटकाचं चित्रण म्हणून बाद करायचं, तर कलकत्त्यात हिरालाल सेन त्याआधीच रंगभूमीवरचे प्रयोग टिपत होते, त्यांचाही हिशेब मांडावा लागेल. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत कुस्ती टिपली, ती तर नाटकही नव्हती.

तोरण्यांच्या बाजूनं लिहिणारेही बरेचदा हीच चूक उलट्या दिशेनं करतात. गादी तशीच ठेवायची, फक्त वारस बदलायचा. त्यातून तोरण्यांचं पुढचं काम झाकलं जातं. पहिल्या भारतीय बोलपटासाठी अर्देशिर इराणींना ध्वनियंत्रणेच्या बाबतीत त्यांनी केलेली मदत, पुण्यातली सरस्वती सिनेटोन ही चित्रपट कंपनी, हे सगळं १९१२ च्या एका तारखेपुढे कुणी सांगत नाही.

फाळक्यांचं जे काम कुणाशीही तुलना न करता सिद्ध होतं, ते वेगळंच आहे. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि कॅमेरा व फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र मागवून परतले. मग कथा, चित्रण, छिद्रण, धुलाई, छपाई, जोडकाम अशी सगळी साखळी त्यांनी दादरच्या एका बंगल्यात उभी केली आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर नाशिकला नेली. याला 'पहिला' या शब्दाची गरज लागत नाही. याला तपशील लागतो, आणि पदवी आली की तपशील सुटतो.

त्या पदवीचं सर्वात मोठं नुकसान मात्र पडद्यावर होतं. 'पहिला चित्रपट' दाखवायचा म्हणून प्रत्येक जयंतीला, प्रत्येक शाळेत, प्रत्येक फिल्म क्लबात 'राजा हरिश्चंद्र'च लावला जातो. पण त्याचं काय उरलं आहे? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, मिळून सुमारे १,४७५ फूट. मधली कथा नाही. शिवाय हा उरलेला भाग १९१३ चा की फाळक्यांनी १९१७ साली त्याच कथेवर पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे ज्या तुकड्यावर आपण 'पहिला' असा शिक्का मारतो, तो कदाचित चार वर्षांनंतरचा आहे.

हा वाद अधांतरी सोडून देण्यासारखा नाही, कारण तपासाचे मार्ग आहेत. ईस्टमन कोडॅकनं १९१६ पासून फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा वर्षखुणा छापायला सुरुवात केली. जुन्या प्रतीवरून नवी प्रत छापताना मूळची कडही कधी कधी छापली जाते. त्यामुळे नंतरच्या प्रतीतही मूळ फिल्मची खूण सापडू शकते, फक्त ती शोधायला छिद्रांच्या पलीकडची कड स्कॅन करावी लागते. नेहमीचं स्कॅनिंग चित्राच्या चौकटीपाशीच थांबतं आणि पुरावा बाहेर राहतो. दुसरा मार्ग चेहऱ्यांचा. १९१३ साली हरिश्चंद्राच्या मुलाचं, रोहिदासाचं काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र यानं केलं होतं. पडद्यावरचं मूल तेच आहे का आणि असेल तर किती वर्षांचं दिसतं, हे फोटोंशी ताडता येतं. मोठं मूल म्हणजे नंतरचं चित्रण, इतकं सरळ अनुमान एकट्या या पुराव्यावर काढू नये, पण कडेच्या खुणेबरोबर ते वजनदार ठरतं. तोवर प्रेक्षकाला '१९१३ किंवा १९१७' असं स्पष्ट सांगायला लाज कसली?

याउलट 'कालिया मर्दन' (१९१९) बघा. मूळ ६,००० फुटांपैकी ४,४०० फुटांहून जास्त शिल्लक आहे. 'लंका दहन' आणि 'श्रीकृष्ण जन्म' यांचे पाचशे-सहाशे फुटांचेच तुकडे उरले. फाळक्यांना दिग्दर्शक म्हणून जोखायचं असेल तर 'कालिया मर्दन'शिवाय दुसरा आधार नाही. चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आपल्या साध्या रूपात समोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते आणि मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. आधी नटी दाखवायची आणि नंतर पात्र, ही कल्पना धीट आहे. देव दाखवताना 'ही माझी मुलगी आहे, बघा काय काय करू शकते' असं सांगणाऱ्या या माणसाचं भाबडा भक्त म्हणून वर्णन करणं चित्रपट न बघितल्याचं लक्षण आहे. २०२४ च्या इफ्फीत 'कालिया मर्दन' पणजीत सजीव संगीतासह दाखवला गेला, हे उत्तम झालं. तो एका संध्याकाळचा सोहळा न राहता फोंडा, मडगाव, पेडणे, साखळी इथे फिरायला हवा. आणि फिरवायचा तर नीट.

नीट म्हणजे काय, यातली पहिली गोष्ट वेग. 'कालिया मर्दन'चा उरलेला भाग २४ च्या वेगानं ४९ मिनिटांत संपतो, १८ नं ६६ मिनिटं चालतो, १६ नं ७४. सोळा हा काही वेदवाक्य नव्हे. हँडल फिरवणारा थकतो, घाईच्या प्रसंगात हात आपोआप जलद होतो, ऊन कमी असेल तर मुद्दाम सावकाश फिरवतो. चित्रगृहातला ऑपरेटरही आपल्या मर्जीनं पळवायचा. म्हणून वेग प्रसंगागणिक ठरवावा लागतो आणि त्याची कसोटी नटाच्या हालचालीवर ठेवू नये, कारण नट मुद्दाम जलद किंवा संथ असू शकतो. पडणाऱ्या वस्तू बघाव्यात: ओतलेलं पाणी, खांद्यावरून घसरणारं उपरणं. गुरुत्वाकर्षण १९१९ सालीही आजच्याइतकंच होतं. एक मिनिटाचा तोच तुकडा १६, १८ आणि २० या तीन वेगांनी शेजारी शेजारी लावला की पाच मिनिटांत निर्णय होतो. पाणी मधासारखं जड पडत असेल तर वेग कमी आहे, थेंब सुईसारखे टोचल्यागत खाली जात असतील तर जास्त.

२४ च्या वेगाचे दोन तोटे लगेच दिसतात. एक म्हणजे मजकुराच्या पाट्या वाचून होण्याआधी नाहीशा होतात. सोळाच्या हिशेबानं नऊ सेकंद राहायची पाटी सहा सेकंदांत जाते. देवनागरी आणि इंग्रजी असे दोन मजकूर असतील तर सामान्य वाचकाचा एकही पुरा होत नाही. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. दीडपट वेगानं चालणारा प्रत्येक माणूस विनोदी दिसतो. 'राजा हरिश्चंद्र'मधली अण्णा साळुंक्यांची तारामती स्मशानात रडते आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. मग बाहेर पडताना लोक म्हणतात, पुरुषानं केलेली बाईची भूमिका आज कशी चालेल? पेडण्याच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडत नाही. तिथे स्त्रीपार्टी नटानं टाहो फोडला की पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसतात. हशा पुरुषाच्या साडीनं येत नाही, प्रोजेक्टरच्या वेगानं येतो. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या स्त्रीभूमिका दीडपट वेगानं कुणी दाखवल्या असत्या तर त्यांचंही हेच झालं असतं.

आता वेग बदलायचा कसा? डिजिटल प्रोजेक्टर २४ वरच चालणार असं धरून चला. मूळ वेग १८ असेल तर दर तीन फ्रेमनंतर तिसरी पुन्हा दाखवायची, म्हणजे तीनाच्या चार होतात. १६ असेल तर दर दोनातली दुसरी दोनदा, दोनाच्या तीन. हालचाल किंचित अडखळते, पण डोळा दोन मिनिटांत सरावतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरला नवे मधले फ्रेम 'तयार' करू देऊ नयेत. तसं केलं की हाताची बोटं चिकटतात, धुराचा शेवाळ होतो. इंटरनेटवर रंग भरलेल्या, सेकंदाला ६० फ्रेमच्या गुळगुळीत प्रती फिरतात. त्या फाळक्यांच्या नाहीतच, त्या एका संगणकाच्या अंदाजाच्या आहेत. आणि इंटरनेटवरून उतरवलेली प्रत ओळखायची सोपी खूण: पळत्या प्रसंगात मध्येच थांबवा. एकाच फ्रेममध्ये दोन हात, दोन चेहरे एकमेकांवर पुसट दिसले, तर ती प्रत आधीच एकदा वेग बदलून मिसळलेली आहे. तिच्यातून मूळ वेग परत काढता येत नाही. संग्रहालयाकडे मागताना 'वेग न बदललेलं, फ्रेममागून फ्रेम असं स्कॅन' असंच लेखी मागावं.

दुसरी गोष्ट चौकट. मूकपटाच्या फिल्मवर चित्र छिद्रांपासून छिद्रांपर्यंत पूर्ण रुंदीत असतं. बोलपट आल्यावर डावीकडची उभी पट्टी आवाजाला गेली. जुन्या मूकपटांच्या पुढच्या काळातल्या अनेक प्रती या बोलपटाच्या चौकटीत छापल्या गेल्या आणि डावीकडचा भाग कायमचा कापला गेला. तपासायची जागा म्हणजे पहिली पाटी: मजकूर डावीकडे सरकलेला असेल, पहिली अक्षरं अर्धवट असतील, तर प्रत कापलेली आहे. नंतरची दुर्घटना थिएटरात घडते. आजचा पडदा रुंद आणि मूकपटाची चौकट ४:३. ऑपरेटरला दोन्ही बाजूंचा काळोख बघवत नाही, तो चित्र ताणतो किंवा मोठं करून वरखाली कापतो. ताणलं की कृष्ण जाडा होतो, कापलं की मुकुट नाही तर पाय जातात. फाळके माणूस पूर्ण उभा दाखवत, त्यामुळे पाय जाणं म्हणजे नुसतं सौंदर्याचं नुकसान नव्हे, प्रसंगाचा अर्थच जातो. १९९८ बाय १०८० च्या डिजिटल चौकटीत मूकपटाचं चित्र १४४० बाय १०८० असं मधोमध बसतं. हा आकडा कागदावर लिहून ऑपरेटरच्या केबिनमध्ये चिकटवावा. तोंडी सांगितलेलं खेळाच्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही.

श्रेयाचा वाद यापुढे येतो, आणि इथे फाळक्यांच्या भक्तांना थोडं अवघड वाटेल. तेव्हा कच्ची फिल्म छिद्रांशिवाय येत असे. एका फ्रेमला प्रत्येक कडेला चार छिद्रं, म्हणजे एका फुटात दोन्ही कडा मिळून १२८. 'राजा हरिश्चंद्र'च्या ३,७०० फुटांच्या एका प्रतीला चार लाख त्र्याहत्तर हजारांहून जास्त छिद्रं लागली. त्यात निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी. हे काम अंधारात, हाताच्या अंदाजानं, यंत्रातून फिल्म एकसारखी ओढत करायचं. ओढ कमीजास्त झाली की छिद्रांमधलं अंतर बदलतं, कॅमेऱ्यातली नखं फिल्म नीट पकडत नाहीत आणि पडद्यावर चित्र थरथरतं. कड फाटली तर सगळा प्रसंग पुन्हा. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई हे छिद्रण करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं आणि पूर्ण चमूचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडेच होतं. पडद्यावरचं चित्र स्थिर राहिलं याचा मोठा वाटा त्यांच्या हाताचा आहे. 'पत्नीची साथ लाभली' असं एक वाक्य टाकून हे संपत नाही. ज्या पाटीवर दिग्दर्शक म्हणून फाळक्यांचं नाव जातं, त्याच पाटीवर प्रयोगशाळा आणि छिद्रणासाठी सरस्वतीबाईंचं, छायाचित्रणासाठी त्र्यंबक तेलंग यांचं नाव जायला हवं.

साळुंक्यांबद्दल सांगितली जाणारी गोष्टही अर्धी आहे. कुठलीच बाई तयार होईना, म्हणून ग्रँट रोडच्या खानावळीतल्या दहा रुपये पगाराच्या आचाऱ्याला पंधरा रुपयांवर आणलं, ही कथा आवडीनं सांगतात. पण त्याच वर्षी, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या रंगभूमीवर काम करणाऱ्या बायका होत्या. आणि त्यानंतर चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं पुन्हा साळुंक्यांनीच केली. बायका मिळतच नव्हत्या असं मग म्हणता येत नाही. पगारी, हाताखालचा, रोज हजर असणारा नट सोयीचा होता. समाजानं 'कुलीन' म्हटलेल्या घरातल्या बायका येत नव्हत्या, एवढंच त्या कथेतलं खरं. गोव्याच्या वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. इथल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया गात होत्या, नाचत होत्या, रंगमंचावर उभ्या राहत होत्या. त्यांना बाई म्हणून मोजायचं की नाही, हा प्रश्न होता. यात साळुंक्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. पुढे त्यांनी कॅमेराही हाताळला. पण 'नाइलाज' हे स्पष्टीकरण फार स्वस्तात मिळतं.

पौराणिक कथांबद्दल थोडक्यात. फाळक्यांनीच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्तचरित्राचा चित्रपट बघताना आपल्याला राम-कृष्ण दिसू लागले. त्यात स्वदेशीचा आवेश होता. धंद्याचा हिशेबही होता, कारण ज्याला पाटी वाचता येत नाही अशा प्रेक्षकालाही कृष्णाची कथा माहीत असते. ही निवड एका निर्मात्याची होती. तिला पुढे भारतीय सिनेमाचा मूळ स्वभाव ठरवलं गेलं, ते 'जनक' या पदवीमुळे. बापानं देव दाखवले, म्हणून घराण्याचा धर्म तोच! पण याच माणसानं मुंबईत आधी वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो ते फ्रेमफ्रेमनं टिपलं. 'पिठाचे पंजे', 'आगकाड्यांची मौज' असे छोटे गमतीचे चित्रपट केले. स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा पट १९१७ साली काढला, त्याचा काही भाग उरला आहे आणि त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. 'केल्फा' या उलट्या नावानं जादूचे प्रयोग करणारा, फ्रेम मोजून फिल्म मागे फिरवणारा आणि पुन्हा त्यावरच चित्रण करणारा हा गृहस्थ देवांइतकाच यंत्रावर लुब्ध होता. त्याच्या नावाच्या पुरस्काराला, आणि त्या नावाशी जुळणारी नावं घेऊन निघालेल्या खासगी पुरस्कारांना, यातलं काही आठवत नाही.

गोव्यानं काय करावं? फिल्म साठवण्याचा मोह आधी सोडावा. मूकपटाच्या काळातली नायट्रेट फिल्म कुजू लागली की थोड्याशा उष्णतेनंही पेट घेते, स्वतःतूनच प्राणवायू पुरवते, म्हणून पाण्याखालीही जळते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा रिळांच्या गोदामाला आग लागली आणि अनेक जुने चित्रपट गेले. नंतरची अॅसिटेट फिल्म दमट हवेत आंबते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो आणि शेजारचे डबेही बाधतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला बुरशी चढणाऱ्या प्रदेशानं मूळ रिळं मागू नयेत. इथे चांगल्या डिजिटल प्रती असाव्यात आणि त्या सतत दाखवल्या जाव्यात. कायद्याची अडचण नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनापासून साठ वर्षांचा, त्यामुळे फाळक्यांचे मूकपट केव्हाच सर्वांचे झाले. अडतं ते फक्त चांगल्या स्कॅनपाशी.

आणि संगीत हे तर गोव्याचं घरचं काम. मुंबईच्या चित्रगृहांत मूकपटांच्या वेळी वाजवणाऱ्यांत गोंयकार वादक होते. इथल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून गेलेली ही मंडळी नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाली. मूकपटाला ठरलेलं संगीत नसल्यामुळे मोकळीक आहे, पण शिस्तही हवी. वेग आधी पक्का करावा आणि मगच तालीम, कारण वेग बदलला की सगळ्या वेळा चुकतात. प्रत्येक प्रसंगाची सुरुवात आणि लांबी सेकंदात लिहून एकपानी तक्ता करावा. पाऊण तास सलग वाजवत राहू नये. कालियाच्या झुंजीआधी अर्धा मिनिट पूर्ण शांतता ठेवली तर घुमट या गोव्याच्या चर्मवाद्याचा पहिला ठोका पोटात जाणवतो. घुमट वापरणार असाल तर रंगीत तालीम एसी चालू ठेवूनच करावी. पणजीच्या दमट हवेत सैल पडलेलं कातडं थंड, कोरड्या सभागृहात ताणतं आणि स्वर चढतो. व्हायोलिन नि पेटीशी जुळवलेलं सगळं खेळाच्या दहाव्या मिनिटाला बेसूर होतं. पाट्या मोठ्यानं वाचायला एक माणूस हवा. मूकपटाच्या काळात निरक्षर प्रेक्षकांसाठी तसं वाचलं जाई. दशावतारातला एखादा सूत्रधार मराठी आणि कोंकणीतून वाचेल तर उत्तम, फक्त त्यानं पाटीबाहेरचं भाष्य करू नये. लोक हसले की त्याला चेव येतो.

दारावर लावायच्या फलकाचा मजकूर असा असू शकतो: 'राजा हरिश्चंद्र. १९१३ किंवा १९१७, आवृत्तीबद्दल मतभेद. मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट, उपलब्ध १,४७५ फूट, पहिलं व शेवटचं रीळ. आज १६ फ्रेमच्या वेगानं, साडेचोवीस मिनिटं. दिग्दर्शन धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रण त्र्यंबक तेलंग. छिद्रण व प्रयोगशाळा सरस्वतीबाई फाळके. याआधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक प्रदर्शित झाला होता. त्याची प्रत उपलब्ध नाही.' इतकं लिहिलं तर फाळके लहान होतील अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी एकदा 'कालिया मर्दन' योग्य वेगानं बघावा.

असा खेळ कुणी बघायला येणार नाही, असं आयोजक म्हणतील. चुकीच्या वेगानं दाखवलेल्या खेळाला येणारे लोक वीस मिनिटांत उठतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. इफ्फी नोव्हेंबरमध्ये असतो. पुण्याच्या संग्रहालयाला पत्र मे महिन्यात जायला हवं, स्कॅन ऑगस्टपर्यंत हातात यायला हवं, चतुर्थीनंतर वेग ठरवून वादकांना तक्ता द्यायला हवा. ऑक्टोबरात मागणी केली तर जी तयार फाइल मिळेल ती २४ चीच असेल.